वस्तरा कोणाच्या हातात?

मे महिन्यात नागपूरच्या सीताबर्डीच्या गर्दीत एखादा चमनगोटा केलेला माणूस दिसला, तर त्याच्या डोक्यावरून त्याची गोष्ट ओळखता येत नाही. वडील गेले असतील आणि तो रामटेकच्या अंबाळा तलावावरून दहावा उरकून आला असेल. तिरुपतीचा नवस फेडला असेल. हजहून परतला असेल. काही दिवस बौद्ध श्रामणेर, म्हणजे नवशिका भिक्खू, होऊन शिबिरातून नुकताच घरी आला असेल. केमोथेरपी सुरू असेल. नाहीतर यातलं काहीच नसेल; पारा ४५च्या पुढे गेला म्हणून सलूनवाल्याला "काढून टाक बे सगळेच" म्हणून मोकळा झाला असेल.

डोकं एकच, पण वागणं आपलं दर वेळी वेगळं. एकाला हळू आवाजात "काय झालं?" विचारतो, दुसऱ्याकडे लाडू मागतो, तिसऱ्याला वाकून वंदन करतो, शेवटच्याच्या टाळूवर टपली मारतो. आणि त्याच्या जागी बाई असली, तर कोणीच काही विचारत नाही. बघतात मात्र सगळे.

या लेखात हेच उलगडायचं आहे. केसांत असं काय आहे की जगातल्या जवळजवळ प्रत्येक समाजाने त्यांना धर्म, जात, राज्य, लग्न, शोक, बंड असं सगळं चिकटवलं?

सुरुवात शरीरापासून करू, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि ते महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात. जिवंत भाग फक्त त्वचेखाली, मुळाशी. वर दिसतो तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा मेलेला धागा. म्हणून केस कापला की दुखत नाही, रक्त येत नाही, आणि काही महिन्यांत तो परत येतो. (मेल्यावरही केस वाढत राहतात असं पुष्कळ लोक सांगतात. ते खरं नाही. कातडी सुकून आक्रसते, त्यामुळे केस आणि नखं लांब झाल्यासारखी दिसतात.) शरीराचा दुसरा कुठलाही भाग इतका आपला असून इतका बिनधोक कापता येत नाही. शिवाय तो सगळ्यात वर, सगळ्यांना दिसेल असा. म्हणजे निसर्गाने प्रत्येकाच्या डोक्यावर एक पाटीच बसवून दिली आहे: लिहा, पुसा, पुन्हा लिहा. मग त्या पाटीवर लिहायचा हक्क कोणाचा, यावर भांडणं होणारच.

मानववंशशास्त्रज्ञांनी या पाटीवरची लिपी वाचायचा प्रयत्न केला आहे. एडमंड लीच या ब्रिटिश अभ्यासकाने १९५८ साली सूत्र मांडलं ते ढोबळमानाने असं: मोकळे लांब केस म्हणजे मोकळी कामवासना, बांधलेले किंवा आखूड केस म्हणजे आवरलेली, आणि मुंडण म्हणजे ब्रह्मचर्य. ऐकायला झकास. भिक्खूला लागू पडतं, विधवेलाही पडतं. पण वडिलांच्या दहाव्याला गोटा करणारा, दोन मुलांचा बाप असलेला माणूस यात कुठे बसतो? १९६९ साली सी. आर. हॉलपाइकने दुसरं सूत्र दिलं. केस कापणं म्हणजे समाजाच्या शिस्तीखाली येणं, वाढवणं म्हणजे समाजाबाहेर राहणं. सैनिक, कैदी, साधू, साठच्या दशकातले हिप्पी, सगळे यात छान बसतात. शीख मात्र बसत नाहीत. १६९९ साली आनंदपूर साहिबला खालसा पंथ स्थापन झाला, तेव्हापासून न कापलेले केस ही त्यांची शिस्तच आहे. त्यांच्याबरोबर कंगवा आहे, पगडी आहे, आणि त्या केसांसकट ते सैन्यात आहेत.

मला वाटतं, केस लांब की आखूड हा प्रश्नच दुय्यम आहे. वस्तरा कोणाच्या हातात आहे आणि तो कोणाच्या मर्जीने चालतो, हे विचारलं की बरंच काही उलगडतं.

अंबाळा तलावाचंच घ्या. रामटेकच्या गडाखाली, चारही बाजूंनी देवळं आणि घाट असलेला हा तलाव. नागपूर जिल्ह्यातले कितीतरी लोक अस्थी घेऊन इथे येतात, पिंडदान करतात, मुलगा क्षौर करतो. तीर्थावर वपन करताना म्हणायचा एक जुना श्लोक आहे. पापं केसांच्या आश्रयाने राहतात, म्हणून मी केस काढतो, असा त्याचा अर्थ. केस हा शरीराचा कडेचा, अर्धा आत अर्धा बाहेर असलेला भाग, त्यामुळे अशौच तिथे साचतं, अशी ही कल्पना. तान्ह्या बाळाच्या जावळामागेही तीच. गर्भातून आलेले केस काढले की बाळ आता या जगाचं झालं. मुसलमानांमध्ये अकीक्याला सातव्या दिवशी बाळाचे केस काढतात आणि त्यांच्या वजनाइतकी चांदी दान करण्याची रीत आहे. धर्म वेगळे, पण दोन्हीकडे उंबरठा एकच, जन्माचा.

आता मुलाच्या मुंडणाकडे नीट बघा. ते एकदाच होतं. महिन्याभरात डोक्यावर खुंट येतात, तीन महिन्यांत भांग पडतो. केस परत येतात तसा माणूसही कामाधंद्यात परत येतो. विधीचा अर्थच तो आहे: शोकाला मुदत देणं.

त्याच घरात, त्याच मृत्यूनंतर, बायकोच्या डोक्यावरून फिरणाऱ्या वस्तऱ्याला मुदत नव्हती. ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही जातींमध्ये विधवेचं केशवपन करत. लाल आलवण (विधवेचं लुगडं), कपाळ मोकळं, गळा मोकळा, आणि केस जरा वाढले की न्हावी पुन्हा परसदारी हजर. मरेपर्यंत. यासाठी स्कंदपुराणाच्या काशीखंडातला आधार दाखवत: विधवेने बांधलेली वेणी परलोकात नवऱ्याला बंधन होते. म्हणजे मेलेल्याची सुटका जिवंत बाईच्या डोक्यावर अवलंबून! मनुस्मृतीने विधवेला उपास, संयम, पुरुषाचं नावही न घेणं असं बरंच काही सांगितलं आहे, पण केस काढायला सांगितलेलं नाही. ही चाल नंतरची. आणि ज्या जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे, तिथे तिची गरजच नव्हती. त्यामुळे केशवपन हे वरच्या जातीचं लक्षण ठरलं. घराण्याची पत त्या घरातल्या सगळ्यात दुबळ्या बाईच्या बोडक्या डोक्यावर तोलली जात होती. लहान वयात लग्न होऊन लहान वयातच विधवा झालेल्या मुलीसुद्धा यातून सुटल्या नाहीत.

आगरकरांनी 'सुधारका'तून यावर कोरडे ओढले, ते आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्या मानाने न्हाव्यांच्या संपाची गोष्ट कमी सांगितली जाते. १८९० साली सत्यशोधक चळवळीतले कामगार नेते, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. जरा थांबून या प्रसंगाची रचना बघण्यासारखी आहे. ज्यांची प्रथा होती ते शास्त्रार्थ करत बसले होते. ज्यांच्यावर ती लादली जात होती त्यांना बोलायची सोय नव्हती. आणि ज्यांच्या हातात प्रत्यक्ष हत्यार होतं, ज्यांना समाजाने बलुतेदार म्हणून दाराबाहेर उभं केलं होतं, त्यांनीच ते खाली ठेवलं. पोटावर पाय येणार हे माहीत असून. कुठल्याही अग्रलेखापेक्षा मला तो संप मोठा वाटतो.

न्हाव्याची जागाच चमत्कारिक होती. आमच्याकडे वऱ्हाड-नागपुरात त्याला म्हाली म्हणत. राजापासून रयतेपर्यंत सगळ्यांच्या मानेजवळ वस्तरा घेऊन बसणारा हा माणूस; लग्नात त्याच्यावाचून चालत नसे, मर्तिकात चालत नसे, पण पंगतीत तो लांब. सेना महाराजांनी आपल्या अभंगात या धंद्याची सगळी हत्यारं परमार्थाला लावली आहेत: विवेकाचा आरसा, वैराग्याचा चिमटा, आणि पिळायची शेंडी कोणाची, तर अहंकाराची.

वस्तरा लादता येतो, तसा नाकारताही येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की लहानपणी साताऱ्याला त्यांचे केस कापायला कोणी न्हावी तयार होत नसे. घरातल्या मुलांचे केस मोठी बहीण कापायची. गावात न्हावी नव्हते असं नाही. जनावरांचे केस भादरणाऱ्याला अस्पृश्याच्या डोक्याचा विटाळ होत होता. ज्या समाजात विधवेच्या मर्जीविरुद्ध न्हावी पंधरवड्याला दारात येतो, त्याच समाजात दुसऱ्याने बोलावलं, पैसे दिले, तरी येत नाही. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो, कारण दोन्हींत डोक्याच्या मालकाला विचारलेलंच नाही.

म्हणून दीक्षाभूमीच्या शहरात श्रामणेर शिबिराचं मुंडण मला वेगळं दिसतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग आपल्या लाखो अनुयायांना दिली, तेव्हा कोणाला केस काढावे लागले नाहीत. ती उपासकांची दीक्षा होती. पण आजही काही दिवसांसाठी श्रामणेर होता येतं. नोकरदार, विद्यार्थी, निवृत्त शिक्षक शिबिराला बसतात, केस उतरवतात, चीवर घालतात, भिक्खूंचे नियम पाळतात आणि मुदत संपली की घरी येऊन पुन्हा पँट-शर्टात कामावर जातात. सिद्धार्थाने राजवाडा सोडल्यावर आधी तलवारीने स्वतःचे केस कापले अशी कथा आहे. क्षत्रियाच्या केसांत त्याचा दर्जा होता, तो उतरवला. गंमत अशी, की बुद्धमूर्तींच्या डोक्यावर मात्र कुरळे केस आणि उष्णीष, म्हणजे टाळूवरचा उंचवटा, असतं. शिष्य मुंडण केलेले आणि शास्ता सकेश! शिल्पकारांना महापुरुषाची लक्षणं दाखवायची होती, तिथे वस्तऱ्याचं काही चाललं नाही.

जैन मुनी याच्याही पुढे गेले. ते वस्तराच वापरत नाहीत. दोन ते चार महिन्यांनी स्वतःच्या हाताने डोक्याचे, दाढीचे केस उपटतात. केशलोच. इतवारीतल्या जैन कुटुंबांना हे सांगायला नको. मुनींचा चातुर्मास शहरात असला की केशलोच बघायला माणसं जमतात. यामागचा विचार मोठा तर्कशुद्ध आहे. न्हावी लागला की त्याचे पैसे आले, हत्यार आलं, दुसऱ्यावर अवलंबून राहणं आलं. केस वाढवले तर उवा होतील, हिंसा होईल. मग राहिला एकच मार्ग. दुखतं, आणि दुखणं सोसणं हाच तर अभ्यास आहे.

साधूची जटा याच्या अगदी उलट टोकाला. कापणं नाही, विंचरणंही नाही. रामटेकच्या जवळ मनसरला वाकाटक काळातली एक बुटकी, पोटुली शिवमूर्ती सापडली; ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचं डोकं बघण्यासारखं आहे. वैराग्याचा देव, पण केसांवर शिल्पकाराने किती जीव लावला आहे! गंगा पेलायची तर ती जटेतच पेलणार. जटा म्हणजे साठवलेलं तप, अशी समजूत.

ही समजूत देवाच्या डोक्यावरून माणसाच्या डोक्यावर उतरली की काय होतं, ते महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. एखाद्या बाईच्या केसांत गुंता होतो, तेल-पाणी-कंगवा थांबतो, गुंत्याची जट होते. घरचे म्हणतात, देवी आली. मग कात्री लावायची नाही; लावली तर कोप होईल. मान दुखते, डोक्याला खाज सुटते, वास येतो, आणि कित्येक मुली या जटेपायी देवाला वाहिल्या गेल्या. श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेसेकेरे यांनी कटारागामच्या जटाधारी भक्तिणींशी बोलून १९८१ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. त्या बायकांना आपली जट ही देवाने दिलेली देणगी वाटत होती. घरातले छळ, अपराधी भावना, एकटेपण यातून ती उगवली होती. बाहेरून दिसणारा अर्थ आणि आतून जाणवणारा अर्थ नेहमी एक नसतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते जट सोडवताना आधी तासन् तास बाईशी आणि घरच्यांशी बोलतात, कात्री सगळ्यात शेवटी काढतात, ते याचमुळे.

राजांना इतका धीर नसतो. १६४५ साली चीनमध्ये परक्या मांचू राजवटीने हुकूम काढला: प्रत्येक पुरुषाने कपाळाकडचे केस भादरायचे आणि मागे लांब वेणी ठेवायची. केस ठेवाल तर डोकं जाईल, डोकं ठेवाल तर केस जातील, असा त्याचा मथितार्थ. कन्फ्यूशियसच्या परंपरेत शरीर आणि केस आईबापांनी दिलेले, त्यांना धक्का लावायचा नाही. त्यामुळे लोक अक्षरशः मेले, गावंच्या गावं उठली. आणि मग अडीचशे वर्षांनी, १९११च्या क्रांतीनंतर ती वेणी कापायची वेळ आली, तेव्हा बरेच जण रडले. आजोबा-पणजोबांची वेणी म्हणे! लादलेली खूण दोन-चार पिढ्यांत परंपरा होऊन बसते. आपल्याकडच्या कोणकोणत्या परंपरांचं असं झालं असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो.

रशियाच्या झार पीटरने १६९८ साली युरोप फिरून आल्यावर सरदारांच्या दाढ्या स्वतः कापल्या, पुढे दाढीवर कर बसवला आणि कर भरणाऱ्याला पावती म्हणून धातूचा बिल्ला दिला. जपानने १८७१ साली सामुराईंना शेंडी कापायची मुभा दिली. आता ती शेंडी मुख्यतः सुमो पैलवानांच्या डोक्यावर उरली आहे. अमेरिकेतल्या लुईझियानात १७८६ साली स्पॅनिश गव्हर्नरने कृष्णवर्णीय स्त्रियांना केस रुमालाने झाकायला लावले, कारण त्यांच्या केशरचना गोऱ्या बायकांच्या डोळ्यांवर येत होत्या. त्या बायकांनी रंगीत, उंची कापडाचे असे काही फेटे बांधले की हुकूमच फजीत झाला. आणि १९४४ साली, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यातून सुटला तेव्हा, जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून सुमारे २०,००० स्त्रियांची डोकी भादरली गेली, पुष्कळदा भर चौकात, लोक हसत असताना. जर्मनांशी लाखोंचे व्यवहार करणाऱ्या किती पुरुषांचे केस कापले?

लोकशाहीतही हा प्रश्न सुटत नाही, फक्त कोर्टात जातो. आपल्या वायुसेनेच्या नियमात, ज्यांच्या धर्मात केस कापणं निषिद्ध आहे त्यांनाच दाढी ठेवता येते. दाढी ठेवू देण्याची एका मुसलमान वायुसैनिकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळली, कारण त्याच्या धर्मात दाढी सक्तीची आहे असं त्यांना पटलं नाही. म्हणजे केस ठेवायचे तर आधी सक्ती सिद्ध करा! आवड पुरेशी नाही.

पण केसांचं राजकारण समजून घ्यायला चीन-रशियाला जायची गरज नाही, द्रौपदी पुरे. दुःशासनाने ज्या केसांना धरून तिला सभेत ओढलं, ते राजसूय यज्ञाच्या अवभृथ, म्हणजे समाप्तीच्या, स्नानात मंत्रजलाने न्हालेले होते, असं महाभारत मुद्दाम सांगतं. म्हणजे हात फक्त बाईला लागला नाही, सम्राज्ञीपदाला लागला. पुढे कृष्ण शिष्टाईला निघतो तेव्हा ती तेच केस हातात धरून त्याला दाखवते: तहाचं बोलताना हे आठव. दुःशासनाच्या रक्ताने माखेपर्यंत वेणी घालणार नाही, ही प्रतिज्ञा मात्र नंतरच्या नाटककारांनी रंगवलेली. ती आपल्याला मूळ कथेपेक्षा जास्त पाठ आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये, हिजाबच्या नियमावरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणमध्ये बायकांनी चौकात उभं राहून स्वतःचे केस कापले, तेव्हा भारतात कोणाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

या सगळ्या इतिहासाचा भार शेवटी कुठे पडतो, ते पाहायचं तर कॅन्सरच्या वॉर्डात पाहावं. नागपुरात विदर्भातून, मध्य प्रदेश-छत्तीसगडातून रुग्ण येतात. केमोची औषधं झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात आणि केसांच्या मुळातल्याही. म्हणून पुष्कळ औषधांनी दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, सगळ्याच औषधांनी मात्र नाही. उपचार संपल्यावर ते बहुतेकांचे परत येतात. डॉक्टरांच्या दृष्टीने ही तात्पुरती बाब. पण नवरा शेजारी बसलेला असताना पन्नाशीतली बाई स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून रडते, तेव्हा ते निव्वळ दिसण्याचं दुःख नसतं. आपल्या भाषेत, आपल्या घरात, बाईच्या बोडक्या डोक्याला शे-दोनशे वर्षं एकच अर्थ होता, आणि तो कोणी तोंडाने न सांगताही पोचलेला असतो. नातेवाइकांनी "केसांचं काय एवढं, येतील परत" म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावं. तिला पदर, टोप, विग, नुसतं डोकं, जे हवं ते तिने ठरवावं.

विग म्हटलं की गोष्ट बाजारात जाते. नागपूरच्या वस्त्यांमधून "केसांवर भांडी" अशी आरोळी देत फिरणाऱ्या बायका ऐकल्या असतील. कंगव्यात निघालेले, भिंतीच्या फटीत कोंबून ठेवलेले गुंतवळ द्यायचे, बदल्यात वाटी नाहीतर चिमटे घ्यायचे. हे केस पुढे निवडले जातात, धुतले जातात, विगच्या धंद्यात जातात. दुसरा, फार मोठा ओघ तिरुपतीसारख्या देवस्थानांचा. तिथे भक्त वाहतो ते केस देवस्थान लिलावात विकतं, आणि वर्षाला कोट्यवधी रुपये मिळवतं. लांब, एका दिशेला लागलेले, कधी रंग न लावलेले केस. बाजारात यांना तोड नाही.

त्यांचे विग जगभर जात. कर्मठ यहुदी विवाहित स्त्रिया स्वतःचे केस परपुरुषाला दिसू नयेत म्हणून विग घालतात, त्यांच्यापर्यंतही. मे २००४ मध्ये त्यांच्या धर्मगुरूंनी चौकशी केली आणि निर्णय दिला की हे केस दुसऱ्या देवाला वाहिलेले आहेत, म्हणून निषिद्ध. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रस्त्यावर विगांच्या होळ्या पेटल्या. देवळात कापले, लिलावात विकले, कारखान्यात रसायनांत धुतले, समुद्र ओलांडला, तरी वाहणाऱ्याचा हेतू त्या केसांना चिकटलेलाच राहिला. वाद मग थेट कापण्याच्या क्षणावर आला: भक्त देवाला केस देतो, की केस काढणं हा नुसता शुद्धीचा विधी? विद्वान त्यावर पुढेही भांडत राहिले. आपल्या गुंतवळाला त्या न्यायाने काही अडचण नसावी. ते कोणी कोणाला वाहिलेलं नसतं, वाटीवर दिलेलं असतं.